किरुंडीतले 'मु' आणि 'कु' : जागा सांगतात, दिशा नाही



आजचा पाठ जरा लांबच्या भाषेचा आहे. किरुंडी ही पूर्व आफ्रिकेतल्या बुरुंडी देशाची भाषा. देश छोटा आणि डोंगराळ, टांगानिका सरोवराच्या काठचा. तिथे जवळजवळ सगळेच किरुंडी बोलतात. शेजारच्या रवांडाची किन्यारवांडा तिची सख्खी बहीण शोभावी इतकी जवळची आहे. फ्रेंचही तिथे राजभाषा आहे आणि 2014 पासून इंग्रजीही. पण घरात, बाजारात आणि शाळेच्या पहिल्या इयत्तांत मुलांच्या कानावर पडते ती किरुंडीच.

ही भाषा माझ्याकडे आली ती एका मुलीमुळे. तिसरीपर्यंत माझ्या वर्गात असलेली ही मुलगी वडिलांच्या नोकरीमुळे बुजुम्बुराला गेली. आईचा फोन आला, "बाई, तिला शेजारच्या मुलांशी बोलायचंय, पण शब्द आले तरी वाक्य जुळत नाही. काहीतरी मदत करा ना." मी अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा 1965 चा किरुंडीचा जुना अभ्यासक्रम मिळवला आणि आपल्या सवयीप्रमाणे एक तक्ता केला. डावीकडे मराठी, उजवीकडे किरुंडी. आत = मु. वर = कु. ला = कु. हून = कु. आईने तो फ्रीजवर चिकटवला.

पंधरा दिवसांनी मुलगी शाळेतून घरी आली आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, "न्जे क्विशुरे." तिला म्हणायचं होतं, 'मी शाळेहून आले.' आले = न्जे, शाळा = इशुरे, हून = कु. सगळं तक्त्याप्रमाणे बरोबर. पण त्या वाक्याचा अर्थ झाला, 'मी शाळेत आलेय.' आणि उभी होती काकूंच्या अंगणात! काकू मायेनेच हसल्या, पण मुलगी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आईने हे सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चूक मुलीची नाही, तक्त्याची आहे. म्हणजे माझी.

त्यानंतर आई रोज दोन-तीन वाक्यं त्याच काकूंकडून वदवून घेऊन मला आवाजात पाठवू लागली. त्यातून जे समजलं ते इथे मांडते. किरुंडी रोमन लिपीत लिहितात, मी देवनागरीत लिहिते आहे. 'झ' हा 'माझा' मधल्यासारखा आणि 'च' हा 'चहा' मधल्यासारखा म्हणायचा.

1. शब्द आधी येतो, नंतर नाही

मराठीत आपण 'घरात', 'झाडावर', 'टेबलाखाली' म्हणतो. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं. किरुंडीत ते नामाच्या आधी येतं. मुख्य शब्द मोजकेच आहेत.

मु = आत. 'मु न्झू' म्हणजे घरात.
कु = वर, पाशी. 'कु मेझा' म्हणजे टेबलावर, 'कु गिती' म्हणजे झाडावर.
इ = गावाच्या नावाआधी. 'इ बुजुम्बुरा', 'इ गितेगा'.
क्वा = कडे, म्हणजे माणसाच्या ठिकाणी. 'क्वा मुगांगा' म्हणजे डॉक्टरांकडे, 'क्वा दाता' म्हणजे वडिलांकडे.
ना = सह, बरोबर, आणि.

'क्वा' आपल्या मुलांना लगेच जमतो. आपणही 'डॉक्टरात गेलो' किंवा 'मामावर गेलो' म्हणत नाही, 'डॉक्टरांकडे', 'मामाकडे' म्हणतो. माणूस आला की वेगळा शब्द लागतो, हे मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेलंच असतं.

'कु' चा अर्थ मात्र फक्त 'वर' असा पाठ करू नका. बुरुंडीत लोकवस्ती टेकड्यांवर विखुरलेली असते. 'कु मुसोझी' म्हणजे टेकडीवर, पण माणूस 'आमच्या टेकडीवर' म्हणतो तेव्हा त्यात त्याचं गाव, शेजारपाजार सगळं येतं. वेळेसाठीही हेच शब्द चालतात. 'मु गितोंदो' म्हणजे सकाळी, 'कु मुगोरोबा' म्हणजे संध्याकाळी. वाराला 'कु' लागतो आणि वर्षाला 'मु'. बुरुंडी स्वतंत्र झालं ते 'मु म्वाका वा 1962', 1962 साली.

2. नाम जसंच्या तसं राहत नाही

मराठीत 'घोडा' ला 'वर' लावताना 'घोडावर' होत नाही, 'घोड्यावर' होतं. 'शाळा' चं 'शाळेत' होतं. याला आपण सामान्यरूप म्हणतो. किरुंडीतही जागेचा शब्द आला की नाम थोडं बदलतं, फक्त बदल शेवटी न होता सुरुवातीला होतो.

किरुंडीतली बहुतेक नामं अ, इ किंवा उ या स्वराने सुरू होतात. 'मु' किंवा 'कु' आला की हा पहिला स्वर गळतो.

इन्झू (घर) – मु न्झू
इगिताबो (पुस्तक) – मु गिताबो
उमुसोझी (टेकडी) – कु मुसोझी
उबुरुंडी (बुरुंडी देश) – मु बुरुंडी

काही नामांत मात्र सुरुवातीचा 'इ' हा शब्दाचा स्वतःचा भाग असतो. तो गळत नाही, उलट 'कु' च त्याला चिकटून 'क्वि' होतो. 'इसोको' म्हणजे बाजार, 'क्विसोको' म्हणजे बाजारात. 'इशुरे' म्हणजे शाळा, 'क्विशुरे' म्हणजे शाळेत. अशी नामं नियम सांगून पाठ करून घेऊ नका, जोडीनेच बोलायला लावा. 'शाळा-शाळेत' आपल्या मुलांना कुणी नियमाने शिकवलेलं नसतं, तसंच.

आणखी एक गोष्ट. पुढे विशेषनाम, सर्वनाम किंवा 'हा-ही-हे' सारखा शब्द असेल, तर 'मु' चं 'मुरी' होतं आणि 'कु' चं 'कुरी'. 'मुरी टांझानिया' म्हणजे टांझानियात, 'मुरी इकी गिताबो' म्हणजे या पुस्तकात, 'कुरी जेवे' म्हणजे माझ्यावर किंवा माझ्याकडे. देशांच्या नावांत 'मु बुरुंडी' पण 'मुरी टांझानिया' असा फरक पडतो, कारण उबुरुंडी हे नाव किरुंडीच्या साच्यातलं आहे आणि टांझानिया बाहेरून आलेलं.

3. दिशा क्रियापदात असते

आता मूळ मुद्दा, जिथे माझा तक्ता आपटला. ही तीन वाक्यं मोठ्याने वाचा.

अरी क्विसोको. – ती बाजारात आहे.
अगिये क्विसोको. – ती बाजारात गेली आहे.
अवुये क्विसोको. – ती बाजारातून आली आहे.

तिन्ही वाक्यांत 'क्विसोको' तसाच आहे. बदलला तो फक्त पहिला शब्द, म्हणजे क्रियापद. 'कु' एवढंच सांगतो की गोष्ट बाजाराशी संबंधित आहे. तिथे आहे, तिकडे जातेय की तिथून येतेय, हे त्याचं काम नाही. ते काम 'असणे', 'जाणे' आणि 'निघणे' या क्रियापदांचं.

म्हणून मुलीने म्हणायला हवं होतं, "म्वुये क्विशुरे." शब्दशः पाहिलं तर 'मी शाळा-ठिकाण सोडून निघालेली आहे.' तिने 'येणे' हे क्रियापद घेतलं, आणि 'येणे' च्या पुढची जागा ही नेहमी पोचण्याची जागा असते. त्यामुळे अर्थ 'शाळेत आलेय' असा झाला.

हे ऐकून पालक म्हणतात, "बापरे, मग 'हून' ला शब्दच नाही?" खरंच नाही. 'बुजुम्बुरापासून गितेगापर्यंत' हे किरुंडीत 'कुवा इ बुजुम्बुरा गुशिका इ गितेगा' असं होतं. 'कुवा' म्हणजे निघणे आणि 'गुशिका' म्हणजे पोचणे. 'पासून' आणि 'पर्यंत' च्या जागी चक्क दोन क्रियापदं आहेत.

पण हे आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. मराठीत पाहा. 'मुलगी शाळेत आहे' आणि 'मुलगी शाळेत जाते'. दोन्हीकडे 'शाळेत' च! असणं आणि जाणं यांतला फरक आपणही क्रियापदावरच सोडला आहे. फक्त 'शाळेतून' म्हणताना आपण शेपूट बदलतो. म्हणजे किरुंडी जे पूर्ण करते, त्यातलं अर्धं आपण रोज करतोच. मुलीला हे समजावताना मी एवढंच म्हटलं, "आपण शाळेत असतो आणि शाळेतच जातो ना? ते लोक शाळेत-च निघतातसुद्धा." ती खुदकन हसली आणि विषय संपला.

4. 'साठी' आणि 'ने' सुद्धा क्रियापदात

तक्त्यातल्या 'साठी' समोर मी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. त्याचंही उत्तर क्रियापदातच निघालं.

कुझाना = आणणे. कुझानिरा = कुणासाठी आणणे.
कुगुरा = विकत घेणे. कुगुरिरा = कुणासाठी विकत घेणे.
गुसोमा = वाचणे. गुसोमेरा = कुणाला वाचून दाखवणे.
क्वांदिका = लिहिणे. क्वांदिकिरा = कुणाला लिहिणे.

मधे 'इर' किंवा 'एर' आला की 'कुणासाठी' हा अर्थ आला. 'कुगुरिरा उम्वाना इगिताबो' म्हणजे मुलासाठी पुस्तक विकत घेणे. 'साठी' ला वेगळा शब्द नाही आणि 'उम्वाना' ला (मूल) काही लागतही नाही.

पुन्हा मराठीकडे पाहा. 'आणणे' आणि 'आणून देणे', 'वाचणे' आणि 'वाचून दाखवणे'. दुसऱ्यासाठी केलेलं काम आपणही क्रियापदाला जोड देऊन दाखवतो. त्यांची जोड क्रियापदाच्या पोटात असते, आपली शेजारी.

साधन सांगायला 'इश' येतो. 'क्वांदिकिशा इकारामु' म्हणजे पेनाने लिहिणे. 'ने' चं कामही क्रियापदाने केलं.

5. 'चा-ची-चे' : इथे मराठी मुलगा पुढे

षष्ठीच्या बाबतीत मात्र मराठी मुलाला चांगलाच फायदा आहे. 'मुलाचा चेंडू, मुलाची वही, मुलाचं पुस्तक'. आपला प्रत्यय मालकाप्रमाणे नाही, तर मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतो. किरुंडीतही अगदी तसंच आहे. फक्त क्रम उलटा, वस्तू आधी आणि मालक नंतर.

इगिताबो चुम्वाना – मुलाचं पुस्तक
इबिताबो व्युम्वाना – मुलाची पुस्तकं
इन्झू युम्वाना – मुलाचं घर
अबाना बुम्विगिशा – शिक्षकाची मुलं

मधला जोड 'च', 'व्य', 'य', 'ब' असा वस्तूच्या वर्गाप्रमाणे बदलतो. (पहिल्या उदाहरणातला 'च' आपल्या 'च' सारखा दिसतो तो निव्वळ योगायोग, त्यावर विसंबू नका.) आपल्याकडे तीन लिंगं आहेत, तिथे नामांचे वर्ग बरेच जास्त आहेत, पण 'वस्तू बघ आणि जोड बदल' हे तत्त्व मराठी मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

'समोर', 'मागे', 'खाली' हे शब्दही याच जोडाने येतात. जसं आपलं 'घराच्या समोर', तसं त्यांचं:

इंबेरे यिन्झू – घरासमोर
इन्युमा यिन्झू – घरामागे
मुसी यिमेझा – टेबलाखाली
हेजुरु यिन्झू – घराच्या वर

इथे एक खड्डा आहे. काळाबद्दल बोलताना मराठीत 'मागे एकदा' म्हणजे पूर्वी आणि 'पुढे काय झालं?' म्हणजे नंतर. किरुंडीत याच्या उलट. 'इन्युमा' (मागे) म्हणजे नंतर आणि 'इंबेरे' (पुढे) म्हणजे आधी. रांगेचा विचार करा. जो पुढे आहे त्याचा नंबर आधी, जो मागे आहे त्याचा नंतर. रांगेचं हे उदाहरण दिलं की मुलं गोंधळत नाहीत.

6. 'तिथे काहीतरी आहे' म्हणताना

मराठीत 'पुस्तक टेबलावर आहे' आणि 'टेबलावर पुस्तक आहे' यांत फक्त शब्दांचा क्रम बदलतो. किरुंडीत क्रियापदही बदलतं.

इगिताबो किरी कु मेझा. – पुस्तक टेबलावर आहे.
कु मेझा हारी इगिताबो. – टेबलावर पुस्तक आहे.

पहिल्या वाक्यात क्रियापद पुस्तकाशी जुळतं (किरी), दुसऱ्यात जागेशी जुळतं (हारी). म्हणजे तिथे जागासुद्धा वाक्याची मालकीण होऊ शकते. भांड्यात पाणी आहे हे सांगताना 'मु न्कोनो हारिम्वो अमाझी' असं म्हणतात. त्यातला शेवटचा 'म्वो' पुन्हा एकदा 'त्याच्या आत' असं सांगतो.

घरी आणि वर्गात काय करायचं?

तक्ता काढून टाकल्यावर आम्ही हे केलं आणि ते उपयोगी पडलं.

पहिलं, एक जागा आणि तीन क्रियापदं. रोज एकच जागा निवडायची. आज बाजार, उद्या शाळा, परवा डॉक्टर. त्या जागेबरोबर 'आहे, गेली, निघून आली' ही तीनही वाक्यं अभिनय करत म्हणायची. खोलीच्या एका कोपऱ्यात 'इसोको' अशी चिठ्ठी लावा. मूल कोपऱ्यात उभं असेल तर 'अरी', तिकडे जाऊन पोचलं की 'अगिये', तिथून निघून आलं की 'अवुये'.

दुसरं, वस्तू खरी हवी. भांडं, पुस्तक, टेबल, दगड. वस्तू ठेवायची आणि विचारायचं. चित्रापेक्षा हातातली वस्तू बरी, कारण मूल स्वतः हलवतं तेव्हा क्रियापद आपोआप आठवतं.

तिसरं, एकटा शब्द विचारायचाच नाही. "'हून' ला काय म्हणतात?" हा प्रश्न बंद. "तू शाळेतून आलीस, काकूंना कसं सांगशील?" हा प्रश्न सुरू.

चौथं, चूक झाली की उत्तर म्हणून बरोबर वाक्य परत म्हणायचं, 'चूक' हा शब्द न वापरता. काकू तेच करायच्या. मुलगी काहीही म्हणाली तरी हसून बरोबर वाक्य म्हणायच्या आणि पुढे बोलायच्या.

आपल्या वर्गासाठी

हा पाठ मी किरुंडीसाठी लिहिला असला, तरी तो मला माझ्या वर्गात जास्त उपयोगी पडला. माझ्याकडे हिंदी बोलणाऱ्या घरातली मुलं येतात. ती लिहितात, 'मी शाळा जातो.' मी वर्षानुवर्षं त्याखाली लाल रेघ मारत आले. पण हिंदीत 'स्कूल जाता हूँ' असंच म्हणतात, 'में' लागत नाही. ते मूल आळशी नाही की निष्काळजी नाही. ते आपल्या घरच्या भाषेचा नियम नीट पाळतंय, जसा माझ्या मुलीने माझा तक्ता नीट पाळला होता. कुणी 'शाळामध्ये' लिहितं, त्याला अव्यय कळलंय, सामान्यरूप अजून कानात बसलेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींवर एकच लाल रेघ मारून भागत नाही.

आता मी रेघ मारण्याआधी मुलाला विचारते, "घरी हे कसं म्हणतोस?" निम्म्या वेळा चुकीचं कारण तिथेच सापडतं. मग दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायची आणि मुलालाच फरक शोधायला सांगायचा. शोधून झाला की तो सहसा विसरत नाही.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात आईने एक आवाज पाठवला. मुलगी दारातून आत येताना ओरडते, "म्वुये क्विशुरे!" आणि मागून काकूंचा आवाज येतो, त्या काहीतरी भरभर विचारतायत. काय विचारलं ते मला एकदा ऐकून समजलं नाही. मुलीला समजलं, कारण तिने न थांबता उत्तर दिलं.